अर्जाची इंग्रजी आणि गप्पांची इंग्रजी

परक्या भाषेत सरकारदरबारी अर्ज लिहिता येणे ही एक विद्या आहे आणि त्याच भाषेत, समोर बसलेल्या माणसाला, आपल्याला पक्षी पाहणे आवडते की कविता वाचणे आवडते हे सांगता येणे ही दुसरी. दोहोंची अक्षरे एक, व्याकरण एक, कोशही एकच. परंतु पहिलीच्या बळावर ज्याने उभा जन्म नोकरी केली त्याच्यावर दुसरीचा प्रसंग आला की त्याला घाम फुटतो, हा अनुभव महाराष्ट्रातल्या इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना दीडशे वर्षांहून अधिक काळ येत आला आहे. या संकोचाचे खापर शाळेवर, शिक्षकावर किंवा आपल्या जन्मजात बुजरेपणावर फोडण्याची रीत आहे. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. आवडीनिवडीच्या गप्पा मारावयास दोन गोष्टी लागतात: थोडी फुरसत, आणि आपले म्हणणे ऐकण्याची खरी इच्छा असलेला, आपल्या बरोबरीने बसणारा माणूस. इंग्रजी आपल्याकडे आली ती या दोन्ही गोष्टी उंबऱ्याबाहेर ठेवून. आणि जेथे जेथे त्या एकत्र आल्या तेथे तेथे आपला माणूस इंग्रजीत गप्पा मारावयास शिकला, मग त्याच्या हाती पाठ्यपुस्तक असो वा नसो.

गंमत अशी की, मराठीच्या संदर्भात संभाषणाचे पाठ प्रथम छापले गेले ते साहेबांच्या सोयीसाठी. विल्यम केरीने १८०५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी भाषेचे जे व्याकरण काढले, त्याला नित्याच्या विषयांवरील संवादांची पुरवणी जोडलेली होती. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात देशी भाषा शिकणाऱ्या कंपनीच्या तरुण नोकरांना पुढे मुलखात जाऊन लोकांशी बोलावे लागणार, हा त्यामागचा व्यावहारिक हिशेब. पुढे शतकभर गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी देशी भाषांची जी हातपुस्तके निघत गेली त्यांत आज्ञार्थाला मोठे मानाचे स्थान होते, कारण साहेबाला बोलावे लागे ते खानसाम्याशी, मोतद्दाराशी, पट्टेवाल्याशी आणि रयतेशी. इकडे आपल्या माणसाने जी इंग्रजी हस्तगत केली ती विनंतीची. एकाने हुकूम पाठ केला, दुसऱ्याने अर्ज. फुरसतीने बोलत बसण्याची गरज दोघांपैकी कोणालाच भासली नाही.

पेशवाई १८१८ साली बुडाली, मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि शाळा व शालोपयोगी पुस्तके यांची तरतूद करणारी मंडळी १८२२ मध्ये मुंबईत उभी राहिली. एल्फिन्स्टनच्या धोरणात देशी भाषांना मान होता. तो १८२७ मध्ये स्वदेशी परतला तेव्हा त्याच्या स्मरणार्थ जमलेल्या वर्गणीतून जी अध्यापकपदे निर्माण झाली, त्यांतून पुढे एल्फिन्स्टनच्याच नावाची विद्यालये वाढली. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर त्यात शेजारी शेजारी छापला जाई. राज्यकर्त्याने आपले म्हणणे वाचावे आणि देशबांधवाने राज्यकर्त्याची विद्या वाचावी, असा तो दुहेरी संकल्प होता. तथापि १८३५ मध्ये मेकॉलेचे टिपण, १८५४ मध्ये वुडचा खलिता आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ, अशा क्रमाने इंग्रजीचे जे राजमार्ग आखले गेले ते सरकारी हुद्द्याच्या दिशेने जाणारे होते. मोडी दफ्तरात बोटे काळी केलेल्या फडणिसाचा नातू हॉवर्डची इंग्रजी क्रमिक पुस्तके घोकू लागला तो मामलेदार, मुनसफ, निदान कचेरीतला अव्वल कारकून व्हावयाचे म्हणून; इंग्रज शेजाऱ्याशी बागकामाच्या गोष्टी कराव्यात म्हणून नव्हे. असा इंग्रज शेजारी त्याला होता कुठे? तो राहात होता छावणीत किंवा मलबार हिलवर, आणि कारकुनाची आळी होती गावात.

विद्यापीठाचे पहिले बी. ए. १८६२ साली बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकी दोघे. या पिढीचे इंग्रजी वाचन आजच्या पदवीधराला धडकी भरावी असे अफाट होते. त्यांचे लेखन लंडनच्या नियतकालिकात शोभावे इतके सुघटित होते. परंतु ज्या परीक्षेतून ही मंडळी तावून सुलाखून निघाली ती परीक्षा वाचण्याची आणि लिहिण्याची होती. शाळाशाळांतून पुढे जी पद्धती रुजली तिचा आदर्श म्हणजे तर्खडकर या नावाने घरोघर ओळखली जाणारी भाषांतर-पाठमाला. प्रथम नियम, मग शब्दांची यादी, मग मराठी वाक्ये आणि त्यांचे इंग्रजी करावयाचे, मग इंग्रजी वाक्ये आणि त्यांचे मराठी करावयाचे. रात्री कंदिलाच्या उजेडात पोराने वहीत वाक्ये उतरवून काढावीत आणि सकाळी मास्तरांनी त्यांवर तांबडी शाई चालवावी, असा शिरस्ता. या पाठमालेने पिढ्यानुपिढ्या व्याकरणाचा पाया इतका पक्का घातला की तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पण तिच्या योजनेत वाक्य होते, वही होती, दोष काढणारा होता, ऐकणारा नव्हता. तिच्यातील प्रत्येक वाक्य दुसऱ्या कोणाचे तरी होते आणि ते कोणालाही सांगावयाचे नव्हते.

ऐकणाऱ्याची उणीव त्या काळच्या विद्यार्थ्यांनाच प्रथम जाणवली असावी. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या तरुणांनी १८४८ साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, आणि दादाभाई नौरोजींसारखे पुढे कीर्तीस चढलेले पुरुष तिच्या सभांतून निबंध वाचू लागले. या सभेच्या मराठी शाखेचे, ज्ञानप्रसारक सभेचे, धुरीण होते दादोबा पांडुरंग तर्खडकर, म्हणजे १८३६ मध्ये मराठीचे प्रसिद्ध व्याकरण लिहिणारे दादोबा. मुलींच्या शाळा काढण्याचे धाडस याच तरुणांनी केले. सभेत बोलणे, आक्षेप घेणे, उत्तर देणे यांची सवय त्यांना येथे लागली. परंतु तेही व्याख्यानच होते, उभे राहून केलेले. बसून केलेल्या बोलण्याची शाळा दुसरीकडे भरावयाची होती, आणि योगायोग असा की तीही एका तर्खडकरांच्याच घरी.

दादोबांचे धाकटे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आरंभीच्या पदवीधरांपैकी. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थनासमाज स्थापन झाला त्यात त्यांचा पुढाकार होता. मुलींनाही मुलांप्रमाणे विद्या द्यावी हे त्यांनी सभेत सांगितले तसेच घरात आचरले. त्यांची कन्या अन्नपूर्णा इंग्लंडात राहून, शिकून परत आली होती. बंगालच्या ब्राह्मसमाजाचे आणि मुंबईच्या प्रार्थनासमाजाचे निकटचे संबंध असल्यामुळे सत्येंद्रनाथ ठाकूर यांचा या कुटुंबाशी स्नेह होता. सिव्हिल सर्व्हिसमध्ये शिरलेले हे पहिले हिंदी गृहस्थ मुंबई इलाख्यात नोकरीस होते, मराठी जाणत होते, तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले होते. १८७८ साली ते अहमदाबादेस न्यायाधीश असता त्यांचा सतरा वर्षांचा धाकटा भाऊ रवींद्रनाथ विलायतेस जाण्यापूर्वी त्यांच्याकडे येऊन राहिला. अहमदाबादेच्या शाहीबागेतील वाड्यात या तरुणाने एकट्याने इंग्रजी पुस्तके पुष्कळ चाळली, शब्दकोश उघडा ठेवून अर्थ लावले. पण थोरल्या भावाच्या लक्षात आले की याला इंग्रजी वाचता येते, बोलता येत नाही. तेव्हा त्याची रवानगी मुंबईस आत्माराम पांडुरंगांच्या घरी झाली, आणि इंग्रजी बोलणे व इंग्रजी रीतभात शिकविण्याचे काम अन्नपूर्णाबाईंकडे आले.

हा वर्ग कसा चालला याची हकिगत रवींद्रनाथांनी वार्धक्यात, ‘छेलेबेला’ या १९४० साली प्रसिद्ध झालेल्या बालपणीच्या आठवणींत सांगून ठेविली आहे. शिक्षिका विलायतेत तयार झालेली, वयाने वडील, बोलण्यात सफाईदार. शिष्याजवळ मिरवावे असे पुस्तकी ज्ञान काहीच नाही. अशा वेळी त्या तरुणाने पहिली संधी साधून सांगितले काय, तर मला कविता करता येतात. तेवढेच त्याचे भांडवल होते आणि ते त्याने गुरूसमोर ठेवले. अन्नपूर्णाबाईंनी त्याची परीक्षा घेतली नाही. ऐकून घेतले, अधिक विचारले, आणि आपल्याला एक नाव दे असेही सांगितले. त्याने ‘नलिनी’ हे नाव दिले आणि ते आपल्या गीतात गुंफले. आपली ‘कविकाहिनी’ ही रचना तो त्यांना वाचून, तिचा अर्थ उलगडून सांगत असे. आणि बंगाली काव्याचा हा अर्थ सांगण्याची भाषा दोघांत समाईक अशी इंग्रजीच असणार हे उघड आहे. कधीही दाढी राखू नकोस, असा सल्लाही शिक्षिकेने दिला होता, आणि तो शिष्याने किती पाळला हे साऱ्या जगाने पाहिले.

या घटनेत प्रेमकथा शोधणारे पुष्कळ झाले. शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व निराळे आहे. शब्दकोश घेऊन महिनेच्या महिने बसलेल्या मुलाला जे साधले नाही ते त्या घरी काही आठवड्यांत साधण्याच्या वाटेला लागले, याचे कारण त्याला बोलावयाला स्वतःचा विषय मिळाला. काळांचे, प्रत्ययांचे नियम त्याला ठाऊक होतेच. त्या नियमांना आता काम मिळाले. समोरच्या व्यक्तीला बंगाली कविता कळत नव्हती आणि कळून घ्यावयाची होती. सांगणाऱ्याला ती जीव की प्राण होती. अशा दोघांच्या मधोमध जी भाषा सापडते ती तोडकीमोडकी असली तरी धावू लागते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात रवींद्रनाथ विलायतेच्या बोटीत बसले. अन्नपूर्णाबाईंनी पुढे हॅरल्ड लिटलडेल या बडोद्यास अध्यापक असलेल्या गृहस्थाशी विवाह केला आणि १८९१ मध्ये एडिंबरोस त्यांचे देहावसान झाले. इंग्रजी भाषांतराची आणि इंग्रजी संभाषणाची, अशा दोन्ही वाटांवर तर्खडकर हेच आडनाव उभे आहे. पहिल्या वाटेने लाखो गेले आणि दुसरीच्या तोंडाशी असलेल्या बाईंचे नाव थोड्यांनाच माहीत आहे.

याच आत्माराम पांडुरंगांकडे पाच वर्षांनी पुन्हा वळावे लागते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. सहा इंग्रज, दोन हिंदी. हिंदी दोघेही मराठी डॉक्टर, एक आत्माराम पांडुरंग आणि दुसरे वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन. उद्देश अगदी साधा होता: महिन्यातून एकदा भेटावे, ज्याला जे दिसले ते त्याने सांगावे, ज्याच्याजवळ काही वेधक नमुना असेल त्याने तो आणून दाखवावा. सरकारी नोकरीत बढती मिळविण्याचा तो मार्ग नव्हता, विद्यापीठाची पदवी त्यात नव्हती. ती शुद्ध हौस होती. इंग्रज सहाजणांत एक एडवर्ड एटकेन, ‘एहा’ या आद्याक्षरांनी लिहिणारा विनोदी निसर्गलेखक, ज्याचा जन्मच साताऱ्याचा आणि ज्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकविले होते.

या बैठकीकडे जरा बारकाईने पाहावे. टेबलावर एखादा सर्प किंवा एखादे फुलपाखरू ठेवले आहे. भोवती डॉक्टर, लष्करी अधिकारी, व्यापारी बसले आहेत. येथे कोणाचे मत ग्राह्य धरावयाचे हे हुद्द्यावर ठरत नाही. या वनस्पतीचा उपयोग वैदू कशासाठी करतात, हे सखाराम अर्जुनांइतके टेबलाभोवतीच्या साहेबाला माहीत असण्याचा संभव नाही. मुंबईत मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची त्यांनी १८७९ मध्येच इंग्रजीत सिद्ध केली होती. ज्ञानाचे पारडे क्षणभर इकडे झुकले की भाषेचे पारडेही इकडे झुकते, आणि दोष काढणारा मास्तर उठून जाऊन ऐकणारा श्रोता त्याच्या जागी येऊन बसतो. जेथे आपण सांगणारे आणि साहेब विचारणारा, तेथे आपल्या इंग्रजीचा उच्चार साहेबाच्या कानाला खटकेनासा होतो. सखाराम अर्जुन १८८५ मध्येच निवर्तले आणि सोसायटीचा वर्ण पुढे बराच काळ गोराच राहिला. तरी आरंभीच्या त्या टेबलाभोवती दोन मराठी माणसे संस्थापक म्हणून बसली होती.

हौसेच्या इंग्रजीची तिसरी शाळा टपालाने चालली. कोल्हापुरास टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशांनी आपल्या पत्नीला, आनंदीबाईंना, अमेरिकेस शिकावयास पाठविण्याविषयी एका मिशनऱ्यास लिहिलेले पत्र अमेरिकेतील मासिकात छापले गेले, आणि ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने वाचले. १८८० पासून तिचा आणि आनंदीबाईंचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाईंचे वय तेव्हा पंधरा. गोपाळरावांची शिकविण्याची रीत कठोर होती, आणि तिच्यातून भाषेची बैठक पक्की झाली हे खरे. पण आनंदीबाईंच्या इंग्रजीला सहजता आली ती या पत्रांतून. आमच्याकडे सण कसे होतात, बायका कोणते दागिने घालतात, काय खातात, मुलींची लग्ने कधी होतात, हे सारे त्या लिहीत आणि पलीकडची बाई आपल्याकडचे लिही. दोघींना एकमेकींकडून काहीच मिळवावयाचे नव्हते, आणि त्यामुळेच त्या पत्रांत अर्जाचा सूर लागला नाही. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपुरास, म्हणजे केरीच्याच गावी, आनंदीबाई आपण परदेशी का जात आहोत हे भर सभेत इंग्रजीत सांगू शकल्या, त्यामागे ही अडीचतीन वर्षांची मैत्री होती.

याच सुमारास पुण्यास रमाबाई रानडे इंग्रजी शिकत होत्या. नवरा न्यायाधीश, स्वतः शिकविणारा, शिवाय मिस हर्फर्ड नावाच्या बाई घरी शिकवावयास येत. आणि माजघरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा या साऱ्या प्रकारावर कमालीचा रोष. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथात हा दुहेरी जाच त्यांनी ज्या संयमाने सांगितला आहे तो वाचताना कळते की, परभाषा शिकणाऱ्या स्त्रीला फुरसत आणि ऐकणारा माणूस या दोहोंसाठी घरातल्या घरात केवढा झगडा करावा लागे. रात्री वरच्या मजल्यावर पुस्तक आणि दिवसा खाली अबोला. अशा घरात बसून गप्पा मारण्याची इंग्रजी कोणाशी बोलावी?

बरोबरीची बैठक नाकारण्यात आपणही साहेबाहून मागे नव्हतो, याचा दाखला क्रिकेटच्या मैदानावर मिळतो. पळवणकर बाळू हा चर्मकार कुटुंबात जन्मलेला डावखुरा गोलंदाज पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात तुटपुंज्या पगारावर चाकरीस होता. खेळपट्टीवर रूळ फिरवी, जाळी लावी आणि सरावासाठी इंग्रज फलंदाजांना चेंडू टाकी. ग्रेग हा नामांकित फलंदाज त्याच्या चेंडूंवर तासन् तास सराव करी. परंतु गोलंदाज चाकर होता आणि फलंदाज साहेब. बाळूच्या हाती बॅट देण्याचे औदार्य तेथे क्वचितच कोणी दाखविले. पुढे पुण्यातील हिंदूंच्या संघाने त्याला घेतले, तेव्हा मैदानावर सर्वांनी त्याच चेंडूला हात लावला, पण चहाच्या वेळी त्याचा चहा मंडपाबाहेर मातीच्या कुल्हडात आला. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी घेणाऱ्या या माणसाजवळ चेंडूच्या फिरकीविषयी सांगण्यासारखे किती असेल! खेळाच्या गप्पा रंगतात त्या मात्र खेळ संपल्यावर, चहाच्या पेल्याभोवती. आणि त्या पेल्याभोवती त्याला दोन्हीकडे जागा नव्हती. गोऱ्यांच्या क्लबांचे दरवाजे तर हिंदी श्रीमंतांनाही बंद असत. मुंबईचा विलिंग्डन क्लब १९१८ च्या सुमारास निघाला तो, गव्हर्नरच्या हिंदी पाहुण्यांना यॉट क्लबात मज्जाव झाला म्हणून, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे.

तरीही एखादा दरवाजा अवचित उघडे. १९०८ साली खेतवाडीतल्या एका बोहरी घरातील बारा वर्षांच्या आतल्या पोराने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती जात, हे मामांना सांगता येईना, तेव्हा त्यांनी त्याला चिठ्ठी देऊन नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अपोलो स्ट्रीटवरील कचेरीत धाडले. हा मुलगा म्हणजे सलीम अली. गोऱ्या साहेबासमोर एकटे जाण्याच्या कल्पनेने आपली कशी तारांबळ उडाली हे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. परंतु सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांनी त्याला दरडावले नाही. चिमणी हातात घेऊन पाहिली, जात सांगितली, भुसा भरून ठेवलेले पक्षी कपाटे उघडून एकामागून एक दाखविले, आणि जाताना वाचावयास पुस्तके दिली. त्यांत एहाचे मुंबईतील सामान्य पक्ष्यांवरचे पुस्तक होते. १८८३ मध्ये मांडलेल्या टेबलाभोवती एक नवा गडी असा येऊन बसला, आणि त्याची भाषेची भीती कोणत्याही वर्गात न बसता पक्ष्यांच्या नावांबरोबर हळूहळू गळून पडली.

विसाव्या शतकात शिक्षणशास्त्रालाही ही गोष्ट उमगू लागली होती. मातृभाषेचा आडपडदा काढून इंग्रजीतूनच इंग्रजी शिकविण्याची प्रत्यक्ष पद्धती मुंबई इलाख्यात चर्चेस आली, आणि तिच्या पुरस्कर्त्यांत येथल्या शिक्षण खात्यात नोकरी केलेला पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हाही होता. दैवदुर्विलास असा की, पुढे घरोघर या रेनचे नाव राहिले ते मार्टिनबरोबर लिहिलेल्या जाडजूड व्याकरणामुळे, ज्याच्या पानापानावर रिकाम्या जागा भरावयाच्या असत. स्वराज्यानंतर मुंबई राज्यात खेर मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत पाचवी ते सातवीच्या वर्गांतून इंग्रजी काढून टाकण्यात आली आणि मराठी शाळेतले मूल आठवीत प्रथम ती लिपी गिरवू लागले; २००० सालच्या जूनपासून ती पहिलीच्या वर्गात आणली गेली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलेल्या या धोरणात वय बदलले, इयत्ता बदलली. ‘माझा छंद’ हा निबंध मात्र जागचा हलला नाही. वर्गात पन्नाससाठ मुले, साऱ्यांचा छंद टपालतिकिटे जमविणे, आणि साऱ्यांची वाक्ये मार्गदर्शकातली. ज्याने आयुष्यात एक तिकीट पाण्यात भिजवून पाकिटावरून सोडविले नाही तोही तिकिटांपासून भूगोलाचे ज्ञान मिळते असे शुद्ध इंग्रजीत लिहून दहापैकी सात गुण घेई. त्याच वर्गात पतंगाच्या मांज्याला काच कशी लावावी हे सांगू शकणारा, भजनी मंडळात पखवाज धरणारा, विहिरीत सूर मारण्यात पटाईत असा एखादा तरी असेच. त्याला कोणी विचारले नाही, कारण ते पुस्तकात नव्हते.

यानंतर छंद सरकारी नमुन्यातच रुजू झाला. लोकसेवा आयोगाच्या अर्जात छंदांची नोंद करावी लागते आणि मुलाखतीत त्यावर प्रश्न येतात. पुण्याच्या पेठांतून अभ्यासिकेत दिवस काढणारा उमेदवार मग कोणता छंद लिहिलेला बरा, याची मसलत करतो, त्या छंदावर टिपणे काढतो आणि रंगीत तालमीत ती म्हणून दाखवितो. ज्यांना आयोग दूर होता त्यांच्यासाठी ‘रॅपिडेक्स’चा इंग्रजी बोलण्याचा अभ्यासक्रम होता, ज्याच्या जाहिरातीत कपिल देवची छबी झळके. ज्याच्या गोलंदाजीने जग जिंकले त्याने सांगितल्यावर इंग्रजीला किती भ्यावयाचे, हा दिलासा लहान गावांतल्या तरुणांना मोठा वाटला आणि तो खोटाही नव्हता. परदेशी शिकावयास जाणाऱ्या पुष्कळांना आज आयईएलटीएस नावाची परीक्षा द्यावी लागते. तिच्यातील बोलण्याची चाचणी अकरा ते चौदा मिनिटांची असते आणि पहिली चारपाच मिनिटे घर, शिक्षण, आवडीनिवडी यांवरच प्रश्न येतात. परीक्षक सौजन्याने विचारतो, ध्वनिमुद्रण चालू असते, आणि उमेदवाराला पुरते ठाऊक असते की, आपल्याला गाणे आवडते की पोहणे याच्याशी या गृहस्थाला काडीचेही कर्तव्य नाही. अर्जाची इंग्रजी येथे गप्पांचा वेष घेऊन आली आहे एवढेच.

म्हणून संभाषणाचे वर्ग व्यर्थ आहेत असे नव्हे. उत्तर लांबवावे कसे, न कळलेला प्रश्न पुन्हा विचारावा कसा, आवडते हे सांगून का आवडते हे जोडावे कसे, या युक्त्या शिकविण्यासारख्या आहेत आणि चांगले शिक्षक त्या शिकवितात. परंतु या युक्त्यांत प्राण यावयाचा तर वर्गातला एक नियम बदलावा लागेल: प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर खरोखर ठाऊक नसले पाहिजे आणि त्याला ते हवे असले पाहिजे. अन्नपूर्णाबाईंना बंगाली काव्य ठाऊक नव्हते, रोझेलच्या बाईला कोल्हापूरचे सण ठाऊक नव्हते, भायखळ्याच्या साहेबांना वैदूंची झाडपाल्याची विद्या ठाऊक नव्हती. आणि अपोलो स्ट्रीटवर ज्याला ठाऊक होते त्याने, ज्याला नव्हते त्याला जवळ बसवून सांगितले. कोल्हापूरच्या मुलाने चंदगडच्या मुलाला आपल्या तालमीतला डाव इंग्रजीत समजावून द्यावा, त्याने आपल्या रानातली अळंबी कोणती खावी व कोणती टाळावी हे सांगावे, आणि मास्तरांनी, ज्यांना या दोन्ही विषयांतले काही कळत नाही त्यांनी, तांबडी शाई बाजूला ठेवून मधूनमधून प्रश्न विचारावेत. चुका होतील आणि त्या मागाहून दुरुस्त करता येतील. तर्खडकरांची पाठमाला त्या कामाला अजूनही चांगली आहे.